डाव्या मागच्या चाकाखालचा डाग

बी-२०१ वहिनी: पार्किंगमध्ये सी-३०३ च्या वॅगन आरखाली परत डाग पडलाय. फोटो टाकलाय. काल मुलाची सायकल त्यावरून घसरली. कृपया बघून घ्यावे.

सी-३०३ आप्पा: वहिनी, २००७ चं मॉडेल आहे, थोडंफार ऑइल गळणारच. संध्याकाळी भुसा टाकून पुसून घेतो.

सेक्रेटरी: उद्या टँकर सकाळी ७ ला येणार. गेटसमोर गाड्या लावू नयेत ही विनंती.

ए-१०४ नाना: आप्पा, पुसू नका. इंजिन पुढे आणि डाग मागच्या चाकाशी. इंजिन ऑइल तिकडे जाईल कसं?

सी-३०३ आप्पा: पार्किंगला उतार आहे ना.

ए-१०४ नाना: उतार गेटकडे आहे, म्हणजे बरोबर उलटा. कुणी खाली असेल तर डागावर थोडं पाणी टाका. इंजिन ऑइल असेल तर तवंग येईल. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हात लागला तर लगेच धुवा. गाडीच्या रंगाला तर अजिबात लावू नका, रंग सुटतो.

डी-५०५: नाना, मी खालीच आहे. पाणी टाकलं, तवंग नाही. टायरच्या आतल्या बाजूने ओला ओघळ आलाय.

सी-३०३ काकू: मी कधीची सांगतेय ह्यांना, ब्रेक दाबला की पॅडल खाली जातं. मला म्हणतात, तुझा पाय जड आहे.

सी-३०३ आप्पा: अगं, गॅरेजला दाखवली ना गेल्या महिन्यात? पुढचे ब्रेक पॅड नवीन टाकले. ब्रेक लागतो व्यवस्थित. रविवारी ताम्हिणीतून दिवेआगरला जायचंय, रूमचं बुकिंग झालंय.

ए-१०४ नाना: बॉनेट उघडा. मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, त्याच्यावरच्या डबीत ऑइल कुठवर आहे? झाकण काढायची गरज नाही, बाहेरून दिसतं.

सी-३०३ आप्पा: खालच्या रेघेच्याही खाली. पण गॅरेजवाला म्हणाला होता, पॅड झिजले की लेव्हल उतरते.

ए-१०४ नाना: अर्धंच सांगितलं त्याने. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं. म्हणून गळती नसली तरी लेव्हल हळूहळू उतरते, खरं आहे. पण तुम्ही पॅड नवीन टाकलेत! नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे दाबावा लागतो, म्हणजे ऑइल डबीत परत चढतं. त्या दिवशी लेव्हल वर गेलेली असणार. महिन्याभरात ती रेघेखाली येण्याइतके पॅड झिजतील का? ऑइल बाहेर जातंय, आणि कुठून ते वहिनींच्या फोटोत दिसतंय. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गेलाय, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर आतून दाबणारा.

ई-४०२: नाना, पॅडल बसतं म्हणजे मास्टर सिलिंडरच असतो. मी व्हिडिओ पाहिलाय.

ए-१०४ नाना: तोही जातो, पण त्याची खूण वेगळी. सिग्नलला ब्रेक दाबून धरा. पाय न हलवता पॅडल सावकाश बसत गेलं आणि डबीतली लेव्हल तशीच राहिली, तर मास्टरच्या आतले रबरी कप गेले. लेव्हल उतरतेय पण चाकं कोरडी, खाली थेंब नाही, तर मास्टर आणि बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, यांच्या सांध्याखाली बघायचं. तिथला रंग फुगून सोललेला असला की समजायचं. पॅडल मऊ लागतं पण दोन-तीनदा मारल्यावर वर येतं, तर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर मागचे शू ड्रमपासून लांब राहिलेत. तिन्हीला लोक "पॅडल बसतं" असंच म्हणतात.

ई-४०२: 🙏

सी-३०३ आप्पा: मग ऑइल भरून रविवारी जाऊन येतो, आल्यावर काम करू.

ए-१०४ नाना: मुळीच नाही. ब्रेकच्या दोन लाइनी वेगळ्या असतात, एक ढिली पडली तरी दुसरी धरते. म्हणून तुम्हाला वाटतंय, लागतो ब्रेक. घाटात एकाच लाइनीवर उतरणार का? गाडी हलवूच नका, मेकॅनिकला इथे बोलवा. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात नोकरी झाली माझी. तिथे हवेचे ब्रेक, तुमचे ऑइलचे, पण ब्रेकची शंका असलेली गाडी आम्ही गेटबाहेर सोडत नव्हतो.

सी-३०३ काकू: मी रूमवाल्याला फोन केला. पुढच्या रविवारचं केलंय.

सी-३०३ आप्पा: मला विचारायचं तरी!

*शनिवार*

डी-५०५: अपडेट. ड्रम निघतच नव्हता, कडेला गंजाची धार आली होती. हँडब्रेक सोडून, केबल ढिली करून, ठोकून ठोकून काढला. मेकॅनिक हवा मारून धूळ उडवणार होता, नानांनी ओरडून थांबवलं. ओल्या फडक्याने पुसली.

बी-२०१ वहिनी: का?

ए-१०४ नाना: लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराची, भुकटी छातीत जाते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉससुद्धा असायचं.

डी-५०५: व्हील सिलिंडरचं रबर बोटाने उचललं तर आतून ऑइलची धारच आली. लायनर पूर्ण भिजलेला. मेकॅनिक म्हणाला, पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मारतो, शू वाचतील.

ए-१०४ नाना: ऑइल प्यालेला लायनर वरून कोरडा दिसतो, गरम झाला की पुन्हा सोडतो. मग एक चाक धरतं, एक सुटतं, गाडी ओढते. शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. उजवीकडचा सिलिंडरही रबराखाली ओला निघाला, म्हणून दोन्ही सिलिंडर नवीन.

सी-३०३ आप्पा: मी आत बसून पॅडल मारत होतो. नानांनी पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला लावला, ते कशासाठी?

ए-१०४ नाना: लाइनमधली हवा काढताना पॅडल पार तळाला गेलं तर मास्टरचे कप रोज जात नाहीत तिथवर जातात. जुन्या गाडीत तो भाग खरखरीत झालेला असतो, कप फाटतात. मागचं काम करता करता पुढचं काम निघतं. आणि ऑइल किती काळं होतं पाहिलंत ना? ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल नवीन असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पाणी मुरल्यावर मर्यादा १४० वर येते. घाटात पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर आत वाफ होते आणि पॅडल रिकामं जातं. दर दोन वर्षांनी बदलत जा.

सी-३०३ काकू: आज मी चालवली. पॅडल निम्म्यातच धरतं. माझा पाय बरोबर होता 😊

ए-१०४ नाना: दोन दिवस गल्लीतच फिरवा. रात्री मागच्या दोन्ही चाकांखाली पुठ्ठा टाकून ठेवा. लेव्हलवर खूण करा. ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर उतरा.

एफ-१०१: नाना, माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक ओला झाला की किंचाळतो. काय असेल?

ए-१०४ नाना: सकाळी पहिल्यांदाच, की दिवसभर?