प्रति: पिल्लांना लस टोचून मग जंतू देतात का?

या प्रश्नावर आधीच्या एका उत्तरात म्हटलंय की कॉन्जुगेट लस (जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडून केलेली लस) तपासायला ती रॅटच्या पिल्लांना टोचायची, नंतर जंतू द्यायचे आणि किती जगतात ते बघायचं. ऐकायला सरळ वाटतं, पण हिबच्या (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी, लहान मुलांत मेंदूज्वर करणारा जंतू) बाबतीत ते जमत नाही. दोन-तीन डोस होऊन अँटीबॉडी तयार होईपर्यंत पिल्लू मोठं झालेलं असतं, आणि मोठ्या रॅटला हिब सहसा आजारी पाडत नाही. मग लसीचा गुण कळणार कसा? म्हणून वाट उलटी धरतात. लस घेतलेल्या प्राण्याचं किंवा माणसाचं सीरम (रक्तातला अँटीबॉडी असलेला द्रव भाग) चार-पाच दिवसांच्या पिल्लाला देतात, त्यानंतर पोटात जंतू टोचतात आणि ठरावीक वेळाने त्याचं थेंबभर रक्त चॉकलेट अगार या जंतू वाढवायच्या माध्यमावर पसरतात. (यात चॉकलेट नसतं, तापवलेल्या रक्ताचा तो तपकिरी रंग!) दुसऱ्या दिवशी प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजायच्या. सीरम कामाचं असेल तर प्लेट जवळजवळ कोरी.

अर्थात यातून अँटीबॉडी काम करते एवढंच कळतं. खरी अडचण वेगळी होती: नुसतं पॉलिसॅकराइड (म्हणजे जंतूच्या आवरणातली ती साखर) दोन वर्षांखालच्या बाळांत नीट चालत नाही, कारण त्याला टी-पेशींची (प्रतिकारशक्तीतल्या मदतनीस पेशींची) मदत मिळत नाही. प्रथिनाला जोडलं की बाळाचं शरीर त्याची दखल घेतं का, हे बघायला शरीरच लहान हवं. त्यासाठी लस-संशोधक श्नीरसन आणि रॉबिन्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांना या लसी देऊन पाहिल्या. तिथे जंतू टोचायची गरजच नव्हती, रक्तातल्या अँटीबॉडी मोजल्या.