मदत हवी आहे: फ्लूनंतर भाचा दिवसच्या दिवस झोपून राहतो, क्लाइन-लेविन सिंड्रोमचा (अधूनमधून दिवसच्या दिवस झोपेत जाण्याचा दुर्मिळ आजार) कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडकडचे. प्रश्न ताईच्या मुलाचा आहे, वय १५, यंदा दहावी. ऐन पावसात सर्दी-ताप आला, डेंग्यू मलेरिया लेप्टो सगळं निगेटिव्ह, ताप उतरला आणि त्यानंतर पोरगा जो झोपला तो आठवडाभराच्या वर झोपूनच. हाक मारली की उठतो, बाथरूमला जातो, बिस्किटांचा अख्खा पुडा संपवतो आणि परत आडवा. बोलायला गेलं की चिडतो, नाहीतर एकच, "मामा, हे सगळं खरं नाय वाटत, स्वप्नात असल्यासारखं वाटतंय." मग एक दिवस उठला तो एकदम नॉर्मल, बॅट घेऊन खळ्यात, मधलं फारसं काही आठवत नाही. गणपतीनंतर परत सर्दी झाली आणि परत तेच.

वाडीत म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय, ताईच्या सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणंही घातलं, त्यांचा नातवावर जीव आहे, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण एका डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर अभ्यास टाळायची नाटकं म्हटलं ते फार लागलं हो. एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) तो बरा असताना केलं, दोन्ही क्लिअर.

शोधताना क्लाइन-लेविन सापडलं. दहा लाखांत १ ते ५ जणांना होतं म्हणे, जास्त करून याच वयातल्या मुलग्यांना, पहिल्यांदा बऱ्याचदा फ्लूसारख्या तापानंतर, आणि दोन झोपांच्या मध्ये मूल ठणठणीत. नक्की कुठला व्हायरस ते सापडलेलं नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर चीनमध्ये नार्कोलेप्सीचे (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) पेशंट वाढले होते हेही वाचलं, पण त्यात झोप रोजचीच असते ना, अशी मध्येच पूर्ण जात नाही?

गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यूरोला दाखवू की थेट मुंबईला झोपेचे आजार बघणाऱ्यांकडे? यावर लिथियम हे औषध कुणाच्या मुलाला चालू आहे का, रक्त किती वेळा तपासावं लागतं? आणि बोर्डाच्या वेळी असं झालं तर काय करायचं?

प्रतिसाद:
दादा, माझ्या पुतणीला हेच आहे. बांबोळी जवळ आहे, तिथूनच सुरुवात करा, पण पुढच्या वेळी झोप चालू असतानाच न्या आणि ईईजी तेव्हाच करायला सांगा, बऱ्याच जणांच्या ईईजीत त्या दिवसांत मेंदूच्या लहरी मंद (स्लो) दिसतात, एरवी नॉर्मल. मोबाईलवर व्हिडिओ काढा, तारखा, खाणं, बोलणं लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचाच जास्त उपयोग होतो. ताप असताना उठवूनही उठत नसेल, मान आखडली, फिट आली तर मात्र अजिबात थांबू नका, तो मेंदूज्वर असू शकतो, पाठीतलं पाणी तपासावं लागतं. त्या दिवसांत विहीर, समुद्र, बाईक सगळं बंद, एकटं सोडू नका. लिथियम वारंवार होत असेल तरच देतात आणि रक्तातली त्याची लेव्हल, किडनी, थायरॉइड बघत राहावं लागतं, ते न्यूरोवाल्यांनाच ठरवू दे. शाळेत आत्ताच पत्र देऊन ठेवा, मार्चला नाही जमलं तर पुरवणी परीक्षा असते.