मदत हवी आहे: पेठेत हवेची गुणवत्ता मोजायचं यंत्र बसवायचंय

नमस्कार मंडळी. आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या पोरांनी यंदा डॉल्बीचा खर्च वाचवून हवा मोजायची दोन यंत्रं घ्यायचं ठरवलंय. (हो, खरंच! मलाही आधी पटलं नव्हतं.) २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात कोल्हापूरचंही नाव आहे, पण आमच्या गल्लीत काय चाललंय ते कळायला नको का? ऊसतोडीच्या दिवसात पाचट पेटवलं की वाळत घातलेल्या कापडांवर काजळी येते.

बाजारात बघितलं तर डोकं गरगरलं. काही हजारांपासून लाखांपर्यंत किमती. स्वस्तातली यंत्रं लेझरच्या उजेडात कण मोजतात, आणि दमट हवेत पाण्याचे थेंबही धूळ म्हणून धरतात. आपल्याकडं चार महिने पाऊस, मग आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? एका विक्रेत्याला कॅलिब्रेशनचं (म्हणजे यंत्राचे आकडे खऱ्या मापाशी जुळवून घेण्याचं) विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, कंपनीतूनच होऊन येतं." सेन्सर किती वर्षं टिकतो, यावर गप्पच.

कुणी सोसायटीत किंवा शाळेत असं यंत्र बसवलंय का? सरकारी केंद्राशेजारी काही दिवस ठेवून आकडे ताडून बघितलेत का? पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. फलकावर कुठली लिहावी, यावरून तालमीत दोन गट पडलेत. आणि मुख्य म्हणजे, रोजची नोंद ठेवायला लोक टिकवलेत कसे? आमची पोरं पहिल्या आठवड्यात लई जोरात असतात.