एक्स-रे नॉर्मल म्हणजे डोकं नॉर्मल नव्हे

तुम्ही दोनदा पडलेल्या आजोबांबद्दल विचारलंत, त्यावर वर कुणीतरी लिहिलंय, 'एक्स-रे चांगला आला, मग सीटी कशाला?' कळकळीनं सांगते, एक्स-रेत फक्त हाड दिसतं, आतला रक्तस्राव नाही; तो बघायला डोक्याचा सीटी स्कॅन लागतो.

आमचे तात्या परभणीजवळ गावी असतात. पोळ्याच्या सुमारास ओट्यावरून घसरले, आठवड्यानं ठेंगण्या चौकटीवर डोकं आपटलं. ना जखम, ना उलटी. महिन्याभरानं चालताना डावी चप्पल पायातून निसटायला लागली; मागं राहिली तरी त्यांना पत्ता नसायचा. सगळे म्हणाले, वय झालं. सीटीत उजव्या बाजूला चंद्रकोरीसारखं रक्त साकळलेलं निघालं. कवटीला भोक पाडून ते काढलं.

उतारवयात मेंदू आकसतो, त्यावरच्या शिरा ताणल्या जातात, मग हलका मारही पुरतो. रक्त हळूहळू साचतं, म्हणून त्रास आठवड्यांनी दिसतो. पडल्या दिवशीचा सीटी चांगला असला तरी नवी लक्षणं आली की पुन्हा करावाच. आणि एक, दोन-तीन आठवड्यांचं रक्त सीटीत मेंदूच्याच रंगाचं दिसू शकतं, म्हणून नजरेतून सुटू शकतं. शंका राहिली तर एमआरआयबद्दल विचारा.

तुमच्या आजोबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणता, आणि दोनदा पडलेत. हे डॉक्टरांना आधी सांगा. अर्धांगवायू समजून तीच गोळी वाढली तर रक्तस्राव वाढतो. उद्यावर ढकलू नका, आजच न्या.