रूममेट राउंडला दोन खाती वापरतो, त्याला कसं समजावू?

सांगलीकर: कोडफोर्सेस या ऑनलाइन प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या साइटवरच्या डिव्ह. २ (कमी रेटिंगवाल्यांच्या) राउंडला माझा रूममेट दोन खाती उघडून बसतो. कोड आधी दुसऱ्या खात्यावरून टाकतो. 'राँग आन्सर ऑन प्रीटेस्ट २' (राउंड चालू असतानाच्या दुसऱ्या चाचणीत उत्तर चुकलं) असं आलं की दुरुस्त करून मुख्य खात्यावरून पाठवतो. अशा प्रत्येक चुकीला आमचे ५० गुण कापले जातात, त्याचा एकही जात नाही. वर म्हणतो, "कोड माझाच आहे, चोरलंय कुठे?" मला फार राग येतो, पण नीट उत्तर देता येत नाही.

जुना_स्पर्धक: कोड त्याचा, गुण नाहीत. आत्ताच पाठवू की कोपऱ्यातल्या केसेस (क्वचित येणारे, कोड हमखास चुकवणारे इनपुट) अजून एकदा तपासू, इथेच तर खरा कस लागतो. शिवाय रेटिंग तुलनेवर ठरतं. तो वर गेला की प्रामाणिकपणे खेळलेलं कुणीतरी खाली येतं. आणि नियमांत दोन खात्यांना सरळ मनाई आहे.

लॅबवाली: दोन्हीकडे जवळपास तोच कोड, म्हणजे सापडणं अवघड नाही. नावं बदलूनही भागत नाही. अ‍ॅलेक्स एकेन यांनी बर्कलीत असताना १९९४ मध्ये केलेलं 'मॉस' हे कोडमधलं साम्य शोधणारं सॉफ्टवेअर कोडचे ठसे काढून जुळवतं, व्हेरिएबलच्या नावांना तिथे किंमत नसते. आमच्या लॅबच्या असाइनमेंट मी त्यातूनच तपासते.

सांगलीकर: मग तक्रार करू का?

जुना_स्पर्धक: आधी तोंडावर स्पष्ट सांग. पुढच्या राउंडला पुन्हा दिसलं, तर दोन्ही हँडल (खात्यांची नावं) कोडफोर्सेसला बिनदिक्कत कळव.