पत्रांना उत्तर आलं नाही

"अमेरिका १९६५ साली व्हिएतनाममध्ये पडली" असं बऱ्याचदा लिहिलेलं दिसतं, ते मला पटत नाही; ती त्याच्या कितीतरी आधीच यात गुंतली होती. २ सप्टेंबर १९४५ ला व्हिएतनामचा कम्युनिस्ट नेता हो चि मिन्हने हनोईत देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं, ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्याच वाक्याने सुरुवात करून. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना त्याने पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं. पुढे चीन कम्युनिस्ट झाला, जानेवारी १९५० मध्ये चीन आणि रशियाने हो चि मिन्हच्या सरकारला मान्यता दिली. कोरियात युद्ध पेटल्यावर तर व्हिएतनामवरची जुनी सत्ता टिकवायला हो चि मिन्हशी लढणाऱ्या फ्रेंचांकडे अमेरिकेच्या मदतीचा ओघच सुरू झाला. १९५४ पर्यंत त्यांच्या लढाईचा बहुतेक खर्च अमेरिकाच उचलत होती. त्याच वर्षी फ्रेंच तळाला वेढणाऱ्या दिएन बिएन फूच्या डोंगरांवर हो चि मिन्हच्या माणसांनी दोर लावून, इंच इंच ओढत तोफा चढवल्या. त्यातल्या १०५ मिलिमीटरच्या तोफा चीनने दिलेल्या होत्या, आणि त्या घडवलेल्या होत्या अमेरिकेत!