देव वाटत नसताना जप करावा का?

रातकिडा: बाबा गेल्यापासून रोज त्यांची माळ ओढतोय, पण खरं सांगू का, देव आहे असं आतून वाटतच नाही, तरी 108 मणी संपले की जरा शांत वाटतं, मग ही स्वतःचीच फसवणूक का?

बिनपत्ता: फसवणूक कसली! ज्यू लोक गेलेल्या आईवडिलांसाठी 11 महिने कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात, त्यात मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती, आणि परंपरेने किमान 10 जण जमल्याशिवाय ती म्हणत नाहीत. म्हणजे तुझा विश्वास डळमळला तरी बाकीचे नऊ आमेन म्हणायला आहेतच. मला हे जाम आवडतं.

चष्मावाला: मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली, देव जाणवतच नाही असं त्यांनीच लिहिलंय. मग आपण कोण!

उंबरठा: बुद्धाने जग शाश्वत आहे का वगैरे प्रश्नांना उत्तरच दिलं नव्हतं. त्याचंच उदाहरण आहे, बाण लागलेला माणूस आधी तो कुणी मारला हे विचारत बसला तर जाईलच ना. तू बाण काढ आधी.

रातकिडा: ते नऊ जण डोक्यातून जात नाहीयेत. आज मोजता मोजता दिसलं, एक मणी झिजून चपटा झालाय, बाबांचं बोट तिथेच थांबायचं बहुतेक.